पाळकाचा मुलगा व झाडांचीं नांवें

हरभऱ्याचें रोप आमच्या प्रत्येक वाचकाच्या ओळखीचें आहे. परंतु विद्वान लोक त्यास सायसर अरिएटिनम म्हणतात, व हें लॅटिन नांव ऐकून पुष्कळांस भय वाटतें. अशीं नांवें ज्यानें प्रचारांत आणिलीं, त्या कार्ल लिनियसाचें चरित्र आज आम्ही थोडक्यांत सांगतों.

त्याचा जन्म स्वीडन देशांतील रोशुल्ट ह्या खेड्यांत इ. स. १७०७ मध्यें झाला. त्याचे वडील निल्स हे पाळक असून त्यांस बागेची फार आवड होती. लहानगा कार्ल त्यांस झाडांचीं नांवें विचारी व विसरून जाई. शेवटीं वडिलांनीं बजाविलें, कीं पुन्हां विसरलास तर एकहि नांव सांगणार नाहीं. तेव्हांपासून मुलगा नांवें जपूं लागला.

त्यानेंहि पाळक व्हावें अशी आईबापांची इच्छा होती. पण शाळेंत तो मागें पडला, व शिक्षकांनीं त्यास एखाद्या हातधंद्यास लावण्याचा सल्ला दिला. वडिलांचें मन खचलें. परंतु रोथमान नांवाच्या वैद्यानें मुलाची पारख केली आणि त्यास वनस्पतींचें ज्ञान दिलें. पुढें उप्साला येथें शिकतांना, दारिद्र्यामुळें तो फाटक्या जोड्यांत कागद घालून चाले.

त्या काळीं विद्वानांत झाडाचें नांव म्हणजे अनेक शब्दांचें लांब वर्णनच असे. लिनियसानें इ. स. १७५३ त प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत सुमारें ५,९०० जातींस दोन-दोन शब्दांचीं नांवें दिलीं. पहिला शब्द आडनांवासारखा, दुसरा त्या जातीचा खास. अरिएटिनम म्हणजे मेंढ्यासारखें. हरभऱ्याचा दाणा नीट पाहा, मेंढ्याचें डोकें दिसेल! आंब्याचें नांव मँगिफेरा इंडिका, म्हणजे आंबे देणारें, हिंदुस्थानचें. हिंदुस्थानांतील झाडांविषयीं त्यास 'होर्तुस मलाबारिकुस' ह्या जुन्या ग्रंथाचा मोठा आधार झाला. त्या ग्रंथास कोंकणी वैद्यांनींहि साहाय्य केलें होतें.

उच्चाराविषयीं कोणी लाजूं नये. लॅटिन आज कोणाचीहि मातृभाषा नाहीं. इंग्रज सायसर म्हणतो, इटलीचा मनुष्य चिचेर म्हणतो, व प्राचीन रोमी लोक किकेर म्हणत. उच्चार निराळे, पण लिहिणें एक. म्हणून दूर देशींच्या मनुष्यासहि तेंच झाड ओळखतां येतें.

इ. स. १७४१ त लिनियस उप्साला येथें अध्यापक झाला, आणि वृद्ध वडिलांनीं तें पाहिलें. इ. स. १७७८ च्या जानेवारींत तो मरण पावला. ज्यांच्या घरीं शाळेंत मागें पडलेला मुलगा आहे, त्यांनीं त्यास टाकून बोलण्यापूर्वीं त्याचें मन कशांत रमतें, हें एकदां शांतपणें पाहावें, इतकीच आमची विनंती आहे.