टॉलस्टॉय यांची शाळा

रशियातील तूला शहराजवळ यास्नाया पोल्याना नावाचे गाव आहे. तेथील एका धनाढ्य जमीनदार घराण्यात इ. स. १८२८ मध्ये लिओ टॉलस्टॉय यांचा जन्म झाला. वयाच्या नवव्या वर्षीच ते मातापित्यांच्या प्रेमाला पारखे झाले. पुढे ते विद्यापीठात गेले. परंतु तेथे त्यांचे मन रमले नाही. पदवी न घेताच ते घरी परतले.

त्या काळी रशियातील लक्षावधी शेतकरी भूदास होते. जमिनीबरोबर त्यांचीही विक्री होत असे. त्यांच्या मुलांना अक्षरओळख कोण करून देणार? ही गोष्ट टॉलस्टॉय यांच्या मनाला सलत होती. १८५९ साली त्यांनी आपल्या वाड्याच्या आवारात या मुलांसाठी विनामूल्य शाळा उघडली.

या शाळेची रीत काही निराळीच होती. तेथे छडी नव्हती, घरचा अभ्यास नव्हता. मुलांनी हवे तेथे बसावे, कंटाळा आल्यास उठून घरी जावे. तथापि गोष्ट रंगली म्हणजे अंधार पडला तरी मुले जागची हलत नसत! कधी ती स्वतःच गोष्ट रचीत आणि टॉलस्टॉय ती उतरून घेत. लेखनकला आपणच या मुलांपासून शिकावी, असे त्यांना वाटे.

१८६० मध्ये त्यांनी जर्मनी, फ्रान्स, इंग्लंड या देशांचा प्रवास आरंभिला व तेथील शाळा पाहिल्या. धाकाने केलेली घोकंपट्टी पाहून त्यांना खेद झाला. १८६१ साली भूदास मुक्त झाले. त्यांच्या जमिनीच्या तंट्यांत टॉलस्टॉय शेतकऱ्यांची बाजू घेत; त्यामुळे इतर जमीनदार रुष्ट झाले. सरकारलाही त्यांचा संशय येऊ लागला. १८६२ साली टॉलस्टॉय प्रकृतीसाठी परगावी गेले असता शिपायांनी त्यांच्या घराची दोन दिवस झडती घेतली. आक्षेपार्ह असे काहीच सापडले नाही. परंतु या अपमानाने ते व्यथित झाले आणि थोड्याच काळात शाळा बंद पडली.

पुढे थोर कादंबरीकार म्हणून त्यांची कीर्ती जगभर पसरली. तरी गावच्या मुलांचा त्यांना विसर पडला नाही. १८७२ साली त्यांनी मुलांसाठी वाचनपाठ प्रसिद्ध केले. त्याच वर्षी घरात शाळा पुन्हा भरू लागली. त्यांची पत्नी व मोठी मुलेही शिकवू लागली.

१९१० साली टॉलस्टॉय निवर्तले. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत महात्मा गांधींनी वसविलेल्या आश्रमाला 'टॉलस्टॉय फार्म' हे नाव देण्यात आले. तेथे गांधीजी स्वतः मुलांना शिकवीत असत.