ग्रंथासाठी घर सोडणारे धर्मानंद कोसंबी



वर्षावासात आपल्या विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन होतं. कोणी मन लावून ऐकतं, कोणी नुसतं बसून जातं. अशा वेळी धर्मानंद कोसंबी यांची आठवण करावी.

त्यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील सांखवाळ गावी झाला. शालेय शिक्षण फारच थोडं. घरच्या नारळाच्या बागा सांभाळायच्या, हेच काम. ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकात त्यांनी भगवान बुद्धांचं चरित्र वाचलं आणि बुद्धवचन मुळातून वाचायचा ध्यास लागला. १८९९ साली पत्नी व लहानग्या मुलीला मागे ठेवून ते निघाले. घरच्यांना याची झळ बसली, हेही विसरून चालणार नाही. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. नेपाळात गेले, तिथे निराशा झाली. शेवटी १९०२ साली श्रीलंकेत सुमंगल महास्थविरांकडे श्रामणेर होऊन पाली शिकले.

ही विद्या त्यांनी स्वतःपाशी ठेवली नाही. कलकत्ता विद्यापीठातली जास्त पगाराची नोकरी सोडून, सयाजीराव महाराजांनी दिलेल्या महिना ५० रुपयांवर ते महाराष्ट्रात आले. का? तर मराठी माणसाला धम्म मराठीत कळावा. पुढे हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी ‘विसुद्धिमग्ग’ ग्रंथाच्या संपादनाचं काम केलं, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली आणि मुंबईत परळच्या कामगार वस्तीत बहुजन विहार काढला.

त्यांचं वाचन श्रद्धेचं होतं, पण डोळे झाकून केलेलं नव्हतं. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडलं, ही कथा त्यांनी जुन्या सुत्तांशी ताडून पाहिली. त्यांना ती पटली नाही. अत्तदंड सुत्तात त्यांना दिसला तो शस्त्रं घेऊन भांडणारी माणसं पाहून अस्वस्थ झालेला बोधिसत्त्व. परमपूज्य बाबासाहेबांनीही आपल्या ग्रंथात ती कथा बाजूला सारून रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा सांगितला आहे.

जून १९४७ मध्ये सेवाग्राम येथे अन्नत्याग करून कोसंबींनी जगाचा निरोप घेतला.

ग्रंथ वाचणं ही मनातल्या श्रद्धेची खूण आहे. पण मन जागं नसेल तर ती खूण वरवरचीच राहते. म्हणून घरी रोज एक तरी पान वाचा. आणि वंदना म्हणता म्हणता पोराने अर्थ विचारला, तर त्याला गप्प बसवू नका. त्याच्यासोबत बसून अर्थ शोधा.

नमो बुद्धाय! जय भीम!