यमाईच्या वाटेवरची चित्रं

जुन्नर-आंबेगावच्या आम्हा बायकांना चित्रांचं प्रदर्शन म्हणजे पुण्या-मुंबईचं काम वाटतं. तिथे जायचं तर साडी कोणती नेसायची, इथपासून दडपण! लेण्याद्रीच्या पायऱ्या चढताना किंवा शेजारच्या खेड तालुक्यात कनेरसरला यमाईची ओटी भरताना मात्र कुणी बुजत नाही. म्हणूनच मला औंधच्या राजाचं फार कौतुक वाटतं. त्यांनी आपला चित्रसंग्रह मांडला तो चक्क यमाईच्या डोंगरावर!

हे राजे म्हणजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. जन्म १८६८चा. १९०९ साली ते औंधच्या गादीवर बसले. सातारा जिल्ह्यातलं औंध हे संस्थान तसं छोटंच, पण राजाचा जीव मोठा. स्वतः हातात ब्रश धरणारे, रामायणाची चित्रं काढणारे, कीर्तनाला उभे राहणारे हे राजे. शाळांमधून मुलांना सूर्यनमस्कार घालायला लावले. किर्लोस्करांना कारखान्यासाठी माळरान दिलं, तिथेच किर्लोस्करवाडी वसली.

जमवलेली कला वाड्यात कुलूपबंद ठेवता आली असती. पण १९३८ साली त्यांनी डोंगरावर, देवळाच्या वाटेवर संग्रहालय उभारलं. राजा रविवर्मा, धुरंधर, बाबूराव पेंटर यांची चित्रं तिथे आहेत. आणि बरं का, इंग्लंडच्या हेन्री मूर या जगप्रसिद्ध शिल्पकाराचं आई आणि मुलाचं शिल्पही आहे. कडेवर लेकरू घेऊन आलेल्या बाईला ते समजायला मूर कोण हे ठाऊक असायची गरजच नाही!

पुढच्याच वर्षी, १९३९ साली, गांधीजींच्या सल्ल्याने नवी राज्यघटना आणून त्यांनी कारभार प्रजेच्या हाती सोपवला. गावोगावी पंचायती आल्या. मला तर ही दोन कामं एकाच स्वभावाची वाटतात. जे आपल्यापाशी आहे, ते लोकांचं आहे, असं मानणारा हा माणूस. स्वातंत्र्यानंतर संस्थान विलीन झालं, १९५१ साली राजेही गेले. संग्रहालय मात्र सरकारने सांभाळलं आणि ते आजही पाहता येतं.

मैत्रिणींनो, औंधला दर्शनाला गेलात तर तासभर जास्तीचा ठेवा. मुलांना, सुनांना, सासूबाईंनाही आत न्या. आणि परत आल्यावर एक विचार जरूर करा. आपल्या शाळांतल्या पोरी किती सुंदर चित्रं काढतात! जत्रेच्या दिवसांत देवळाच्या वाटेवर ती मांडायला राजाच कशाला हवा? एखादा बचत गटही पुरे.