ऑझचा निरोप घेऊ न शकलेला लेखक

आवडत्या अद्भुत मालिकेचा शेवट मनासारखा झाला नाही की चाहते हळहळतात, चिडतात आणि अखेरीस लेखकालाच जाब विचारतात. २००७मध्ये हॅरी पॉटरची कादंबरीमाला संपली तेव्हा हे घडले आणि २०१९मध्ये 'गेम ऑफ थ्रोन्स'ची सांगता झाली तेव्हाही. अमुक भूमिकेसाठी तमुक नट योग्य होता की नव्हता, हा वादही असाच न संपणारा. मात्र ही केवळ आजच्या पिढीची सवय आहे असे कुणाला वाटत असेल तर त्याने एल. फ्रँक बॉम या अमेरिकी लेखकाचे चरित्र पाहावे. 'द वंडरफुल विझार्ड ऑफ ऑझ' लिहिणाऱ्या या माणसाने आपली मालिका संपवण्याचा जाहीर प्रयत्न केला. वाचकांनी तो हाणून पाडला.

लायमन फ्रँक बॉम यांचा जन्म १५ मे १८५६ रोजी न्यूयॉर्क राज्यातील चिटेनँगो या लहानशा गावी झाला. वडील बेंजामिन बॉम यांनी पेनसिल्व्हेनियातील खनिज तेलाच्या धंद्यात चांगला पैसा मिळवला होता. सिरॅक्यूज शहराजवळच्या 'रोझ लॉन' या प्रशस्त वाडीत फ्रँकचे बालपण गेले. हृदय जन्मापासून कमकुवत, त्यामुळे मैदानी खेळांपेक्षा पुस्तकांत आणि दिवास्वप्नांत रमणारा हा मुलगा. स्वप्नाळूपणा जावा म्हणून बाराव्या वर्षी त्याची रवानगी पीकस्किलच्या लष्करी शाळेत झाली. तिथली शिस्त त्याला मानवली नाही आणि सुमारे दोन वर्षांत तो घरी परतला. पुढे वडिलांनी एक छोटे छपाईयंत्र आणून दिले. धाकट्या भावाला हाताशी धरून फ्रँकने त्यावर घरगुती वृत्तपत्र काढले. शाईचा नाद लागला तो तेव्हापासून.

ऐन तारुण्यात बॉम यांनी एकाच वेळी अनेक दगडांवर पाय ठेवले. जातिवंत कोंबड्या पाळल्या आणि हॅम्बर्ग जातीच्या कोंबड्यांवर पुस्तकही लिहिले. १८८६मध्ये निघालेले ते त्यांचे पहिले पुस्तक. पण खरी ओढ होती ती रंगभूमीची. १८८२मध्ये 'द मेड ऑफ ॲरन' हे संगीत नाटक त्यांनी लिहिले, त्यातील गाणी रचली आणि प्रमुख भूमिकाही स्वतःच केली. त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला मॉड गेज या तरुणीशी त्यांचा विवाह झाला. मॉडची आई मटिल्डा जोस्लिन गेज ही स्त्रियांच्या मताधिकारासाठी झगडणारी नामांकित कार्यकर्ती. नट जावई तिला प्रारंभी पसंत नव्हता. पुढे मात्र, नातवंडांना सांगतोस त्या गोष्टी लिहून काढ आणि छाप, असा आग्रह तिनेच जावयाकडे धरला. बॉम यांच्या कथांत मुली धीट असतात, राज्य राण्या करतात आणि मोठेपणा मिरवणारे पुरुष बहुधा पोकळ निघतात. या सासूच्या सहवासाचा त्यात वाटा असल्याचे अभ्यासक मानतात.

वडिलांच्या धंद्याची घडी विस्कटल्यावर १८८८मध्ये बॉम कुटुंबाने डाकोटा प्रांतातील ॲबर्डीन गाठले. तिथे त्यांनी 'बॉम्स बझार' नावाचे शोभेच्या वस्तूंचे आणि खेळण्यांचे दुकान थाटले. दुकानात गोष्टी ऐकायला मुले जमत, पण माल घ्यायला पैसे असलेली गिऱ्हाइके कमी. त्यात दुष्काळ पडला, उधारी थकली आणि १८९०च्या प्रारंभी दुकानाला टाळे लागले. मग बॉम यांनी तिथलेच एक साप्ताहिक चालवायला घेतले. वर्षभरात तेही हातचे गेले. डोरोथीचे कॅन्ससमधले जे करडे, भेगाळलेले माळरान पुढे पुस्तकात अवतरले, त्याचे मूळ डाकोटातील या दिवसांत आहे असे मानले जाते.

याच साप्ताहिकाने बॉम यांच्या नावावर न पुसता येणारा डाग ठेवला. डिसेंबर १८९०मध्ये स्यू जमातीचा नेता सिटिंग बुल मारला गेला आणि महिनाअखेरीस वुंडेड नी येथे स्यू स्त्री-पुरुष-मुलांचे हत्याकांड झाले. या दोन्ही प्रसंगी बॉम यांनी अग्रलेख लिहून उरलेल्या मूलनिवासींचा समूळ नाश करावा असे सुचवले. मुलांना दयाबुद्धी शिकवणारी लेखणी आणि हे लेखन एकाच माणसाचे, हे स्वीकारणे त्यांच्या चाहत्यांना आजही जड जाते. ते उपरोधाने लिहिले असावे, असा बचाव काहींनी करून पाहिला. पण बॉम यांच्या वंशजांनी २००६मध्ये स्यू समाजाची माफी मागितली. चरित्र सांगायचे तर हे पान वगळून चालत नाही.

१८९१मध्ये बॉम शिकागोला आले. चार मुलांचा संसार चालवण्यासाठी चिनी मातीच्या आणि काचेच्या भांड्यांचे फिरते विक्रेते झाले. प्रवासाची दगदग हृदयाला झेपेना, तेव्हा १८९७मध्ये त्यांनी दुकानांच्या दर्शनी खिडक्या कशा सजवाव्यात या विषयाला वाहिलेले मासिक काढले. मालापेक्षा मांडणी गिऱ्हाइकाला खेचते, हे ते व्यापाऱ्यांना शिकवत होते. ऑझचा थोर जादूगार हा प्रत्यक्षात पडद्याआडून यंत्रे हलवणारा एक साधा माणूस निघतो, ही कल्पना खिडक्या सजवणाऱ्याला सुचावी यात नवल नाही.

१८९९मध्ये डब्ल्यू. डब्ल्यू. डेन्स्लो या चित्रकाराच्या साथीने काढलेले बालगीतांचे पुस्तक तडाखेबंद खपले आणि पुढच्या वर्षी, १९००मध्ये, याच जोडीने 'द वंडरफुल विझार्ड ऑफ ऑझ' आणले. वावटळीत घरासकट उडालेली डोरोथी, मेंदू हवा असलेले बुजगावणे, काळीज हवे असलेला पत्र्याचा लाकूडतोड्या आणि धैर्याच्या शोधातला भित्रा सिंह या चौकडीने मुलांना वेड लावले. पुस्तकाच्या अखेरीस डोरोथी चांदीच्या जोड्यांच्या जादूने कॅन्ससला परतते, जोडे वाटेत वाळवंटात पडतात आणि गोष्ट संपते. बॉम यांच्या लेखी ती खरोखर संपली होती. दुसरा भाग लिहिण्याचा त्यांचा विचार नव्हता.

तो विचार बदलायला लावला रंगभूमीने आणि वाचकांनी. १९०२मध्ये शिकागोत 'विझार्ड'चे संगीत नाटक आले आणि १९०३च्या जानेवारीत ते न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर गेले. दिग्दर्शकाने बॉम यांची संहिता पार बदलून टाकली होती. पश्चिमेची दुष्ट चेटकीण रंगमंचावरून गायब, सिंहाची भूमिका छाटलेली आणि डोरोथीच्या टोटो या कुत्र्याच्या जागी चक्क एक गाय! पण बुजगावण्याच्या भूमिकेत फ्रेड स्टोन आणि लाकूडतोड्याच्या भूमिकेत डेव्हिड माँटगोमेरी या विनोदी जोडीने नाटक डोक्यावर घेतले. बॉम प्रथम नाराज होते. पुढे प्रेक्षकांना जे रुचते तेच खरे, असे त्यांनी स्वतःला समजावले. गंमत म्हणजे त्यांचे आणि डेन्स्लोचे बिनसले ते याच नाटकाच्या उत्पन्नाच्या वाटणीवरून.

१९०४चे 'द मार्व्हलस लँड ऑफ ऑझ' हे दुसरे पुस्तक त्यांनी स्टोन-माँटगोमेरी जोडीलाच अर्पण केले. ते पुढे नाटकात यावे आणि याच दोघांनी त्यात कामे करावीत, ही मनीषा उघड होती. कथेत डोरोथी नाही. नायक आहे टिप नावाचा मुलगा आणि शेवटच्या पानांत कळते की तो मुळात ऑझची राजकन्या ओझ्मा आहे, चेटकिणीने तिला मुलाचे रूप दिले आहे. या शेवटावर वाचक आजही दोन्ही बाजूंनी बोलतात. मुलींच्या अंगी मुलांइतकेच धाडस असते हे बॉम यांना सांगायचे होते, असे काही मानतात; तर त्या काळी नाटकांत मुलग्यांच्या भूमिका नट्या करत, त्या सोयीसाठी हा बेत रचला, असे इतरांना वाटते. स्टोन आणि माँटगोमेरी यांनी मात्र नव्या नाटकात काम करायला नकार दिला. त्यांच्याविना १९०५मध्ये आलेले ते नाटक आपटले.

मुलांची पत्रे येतच राहिली. डोरोथी कुठे गेली, जादूगाराचे पुढे काय झाले, हे त्यांना हवे होते. म्हणून १९०७मध्ये डोरोथी परतली आणि १९०८मध्ये जादूगार. प्रस्तावनांतून बॉम मुलांच्या सूचनांचा उल्लेख आवर्जून करत. दुसरीकडे त्यांना इतरही कथा लिहायच्या होत्या, आणि ऑझ त्यांना सोडत नव्हते. अखेर १९१०मध्ये 'द एमरल्ड सिटी ऑफ ऑझ' या सहाव्या पुस्तकात त्यांनी कायमचा पडदा टाकला. कर्जाने शेत गमावण्याची वेळ आलेले हेन्रीकाका आणि एमकाकू यांना घेऊन डोरोथी कायमची ऑझला राहायला जाते. मग सारा देश जादूने अदृश्य केला जातो, जगाशी त्याचा संबंध तुटतो आणि त्यामुळे लेखकाला यापुढे तिथली खबर मिळणार नाही. मालिका संपवण्याची याहून सभ्य युक्ती शोधून सापडणार नाही.

पण कर्जाने गांजलेला केवळ कथेतला काका नव्हता. १९०८मध्ये बॉम यांनी चित्रफिती, रंगीत पारदर्शिका, वाद्यवृंद आणि स्वतःचे निवेदन यांचा मेळ घालणारा एक खर्चिक कार्यक्रम गावोगाव नेला होता. गर्दी झाली तरी खर्च निघेना. १९११मध्ये त्यांना दिवाळखोरी जाहीर करावी लागली आणि जुन्या पुस्तकांचे उत्पन्न धनकोंकडे गेले. दरम्यान ते हॉलिवूडला स्थायिक झाले होते. तिथल्या बंगल्याचे नाव 'ऑझकॉट'. मोठ्या उमेदीने त्यांनी १९११ आणि १९१२मध्ये नव्या अद्भुत कथा लिहिल्या. त्यांचा खप ऑझच्या तुलनेत फिका पडला. मुलांना नवी नायिका नको होती, त्यांना ऑझ हवे होते. अखेर १९१३मध्ये 'द पॅचवर्क गर्ल ऑफ ऑझ' आले. अदृश्य देशाशी बिनतारी संदेशयंत्रणेने संपर्क साधता येईल, ही तोड एका बालवाचकाने सुचवल्याचे त्यांनी प्रस्तावनेत मोकळेपणाने सांगून टाकले. लेखकाने लावलेले कुलूप वाचकाच्याच किल्लीने उघडले.

पात्रयोजनेचा चटकाही त्यांना पुन्हा बसला. १९१४मध्ये मित्रांच्या भांडवलावर त्यांनी चित्रपटसंस्था काढली. पहिल्याच मूकपटात ओजो या मुलाची भूमिका व्हायोलेट मॅकमिलन या नटीने केली आणि चिंध्यांच्या बाहुलीची भूमिका पिएर कूडर्क या पुरुष कसरतपटूने. नवलाई होती, पण हे मुलांचे चित्र म्हणून चित्रगृहांनी पाठ फिरवली आणि वर्षभरात संस्था बसली. त्यानंतर बॉम यांनी ऑझशी झगडा सोडला. दरवर्षी एक पुस्तक द्यायचे, बागेतली फुले जोपासायची आणि मुलांच्या पत्रांना उत्तरे लिहायची असा क्रम ठेवला. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर अखेरचे लेखन अंथरुणावरून झाले. ६ मे १९१९ रोजी, वयाची त्रेसष्ट वर्षे पूर्ण व्हायला नऊ दिवस असताना, त्यांचे निधन झाले. त्यांचे चौदावे ऑझ पुस्तक १९२०मध्ये, मृत्यूनंतर निघाले.

तरीही शेवट झाला नाही. प्रकाशकांनी रूथ प्लमली थॉम्पसन या लेखिकेला पाचारण केले आणि १९२१पासून १९३९पर्यंत तिने दरवर्षी एक याप्रमाणे आणखी १९ पुस्तके लिहिली. १९३९मध्येच एमजीएमचा प्रसिद्ध चित्रपट आला. डोरोथीसाठी शर्ली टेंपलचे नाव चर्चेत होते. भूमिका मिळाली सोळा वर्षांच्या ज्युडी गार्लंडला. लाकूडतोड्या झालेल्या बडी एब्सनला रंगभूषेतील ॲल्युमिनियमच्या भुकटीने रुग्णालयात पाठवले आणि जॅक हेली आला. चांदीचे जोडे पडद्यावर रंग खुलावा म्हणून माणकांचे झाले. पण सर्वांत मोठा बदल शेवटी होता. चित्रपटाने ऑझचा सारा प्रवास म्हणजे डोरोथीला पडलेले स्वप्न ठरवला. पुस्तकांवर वाढलेल्या वाचकांना तो आजवर रुचलेला नाही. कारण बॉम यांचे ऑझ खरे आहे. डोरोथी तिथे नुसती जाऊन येत नाही, तर थकलेल्या काका-काकूंना घेऊन तिथे कायमचे घर करते. कॅन्सस हेच खरे घर, असे चित्रपट सांगतो. गरिबाला हक्काची जागा मिळेल ते घर, असे पुस्तके सुचवतात.

१९५६मध्ये पहिल्या पुस्तकावरील स्वामित्वहक्क संपला आणि ऑझ सर्वांचे झाले. १९७८च्या 'द विझ' चित्रपटात तिशी ओलांडलेली डायना रॉस डोरोथी झाली तेव्हा पात्रयोजनेचा वाद पुन्हा पेटला. ग्रेगरी मॅग्वायर यांनी १९९५मध्ये 'विकेड' लिहून दुष्ट चेटकिणीलाच नायिका केले. त्यावर २००३मध्ये संगीत नाटक आणि २०२४ व २०२५मध्ये दोन भागांत चित्रपट आले. प्रत्येक वेळी शेवट बदलला आणि प्रत्येक वेळी चाहते तावातावाने भांडले.

दुकान, वृत्तपत्र, रंगभूमी, चित्रपट या साऱ्यांत बॉम हरले. टिकले ते फक्त ऑझ, आणि तेही त्यांनी स्वतः संपवायला काढले असताना पत्र लिहिणाऱ्या मुलांनी टिकवले. शेवट लिहिण्याचा अधिकार लेखकाचा, यात वाद नाही. तो मानायचा की नाही हे मात्र वाचक ठरवतात. १९१०मध्ये अदृश्य झालेला तो देश अजून नकाशावर आहे, याचे कारण एवढेच.