संगीतसूर्य केशवराव भोसले आणि मुदतीचा ताप

मराठी रंगभूमीवर बालगंधर्वांच्या बरोबरीने ज्यांचे नाव घेतले जाते, ते गायक-नट केशवराव भोसले. जन्म ९ ऑगस्ट १८९०, कोल्हापूर. लहान वयातच ते स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत गेले. त्यांनी केलेली शारदेची भूमिका खूप गाजली. १ जानेवारी १९०८ रोजी त्यांनी हुबळीला ललितकलादर्श ही स्वतःची मंडळी काढली. वय सतरा वर्षे, म्हणजे आपल्या बारावीच्या मुलांएवढे!

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे प्रमुख देशकार्यासाठी एकत्र उभे राहिले. मला त्यांच्या चरित्रातला हाच प्रसंग सर्वात मोठा वाटतो. पुढे तीन महिनेही गेले नाहीत. ४ ऑक्टोबर १९२१ रोजी विषमज्वराने केशवराव गेले. वय अवघे एकतीस.

विषमज्वर म्हणजे टायफॉईड, आपला मुदतीचा ताप. हिंदीत मियादी बुखार. याचे जंतू दूषित पाण्यातून व अन्नातून पोटात आणि तेथून रक्तात जातात. १९२१ साली रक्ताची विडाल तपासणी होती, पण औषध नव्हते. क्लोरॅम्फेनिकॉल लागू पडते हे १९४८ साली कळले.

औषध नसताना दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रोगी बडबडू लागे, अंथरूण चाचपत राही. घरचे म्हणत, वात झाला. तो आजाराचा मेंदूवरील परिणाम असे. क्वचित मज्जारज्जूला किंवा नसांना सूज येते. मग ताप उतरल्यावरही पाय लुळे पडतात, लघवी अडते. कधी जंतू मणक्यात घर करतात आणि कित्येक आठवड्यांनी पाठ दुखू लागते. असे फार थोड्यांना होते, आणि वेळेवर उपचार मिळाल्यास पुष्कळजण पुन्हा चालू लागतात. म्हणून पालकांनी तापानंतरचा अशक्तपणा समजून घरी थांबू नये, मुलाला ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे. ताप उतरला म्हणून गोळ्याही मध्येच बंद करू नयेत. आपल्या हैदराबादेत तयार झालेली टायफॉईडची लस सहा महिन्यांच्या बाळालाही देता येते. तिला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता डिसेंबर २०१७ मध्ये मिळाली.

केशवरावांची मंडळी पुढे बापूराव पेंढारकरांनी सांभाळली. कोल्हापूरच्या पॅलेस थिएटरला केशवरावांचे नाव देण्यात आले. ते नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, त्यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, आगीत जळाले.