माकडांची टेकडी आणि माणसाचा स्वभाव

मनुष्य जात्याच भांडखोर आहे, बळी तो कान पिळी हाच निसर्गाचा कायदा आहे, असे मानणाऱ्यांना वानरांचे दाखले देण्याची मोठी हौस असते. या दाखल्यांचे खरे मोल किती, हे सॉली झुकरमन यांच्या चरित्रावरून ध्यानात येते.

झुकरमन यांचा जन्म १९०४ साली दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन येथे झाला. शरीररचनाशास्त्राचा अभ्यास करून ते १९२८ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेत रुजू झाले. संस्थेच्या प्राणिसंग्रहालयात १९२५ पासून एक कृत्रिम टेकडी उभी होती. सुमारे १०० फूट लांब व ६० फूट रुंद अशा त्या जागेत शंभरएक हमाद्रियास बबून कोंडलेले होते. बहुतेक सारे नरच. १९२७ मध्ये तीत ३० माद्यांची भर घालण्यात आली आणि त्यांच्या ताब्यासाठी रणकंदन माजले. त्या वर्षांत टेकडीवर मेलेल्या ३३ माद्यांपैकी ३० झुंजींत बळी पडल्या.

या टेकडीवरील निरीक्षणांना झुकरमन यांच्या १९३२ मधील ग्रंथात महत्त्वाचे स्थान मिळाले. लैंगिक आकर्षण व नरांचे वर्चस्व यांनीच वानरसमाज बांधलेला असतो, हा त्यांचा सिद्धान्त दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. पुढे १९६० च्या दशकात हान्स कुमर या स्विस शास्त्रज्ञाने इथिओपियात याच जातीचे मुक्त कळप अभ्यासले. तेथे एकेका नराभोवती काही माद्यांचे कुटुंब असते आणि दुसऱ्याच्या कुटुंबावरील हक्क इतर नर सहसा मान्य करतात. लंडनमध्ये मात्र परस्परांना अनोळखी प्राणी एकत्र डांबलेले होते, माद्या मोजक्या होत्या आणि पळून जाण्यास वाट नव्हती. तो संहार जातिस्वभावापेक्षा कोंडवाड्याचाच परिणाम अधिक होता.

झुकरमन यांचे उर्वरित आयुष्य मनुष्याच्या युद्धांत गुंतले. बाँबहल्ल्यांच्या परिणामांचा त्यांनी अभ्यास केला. १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या चढाईपूर्वी फ्रान्समधील रेल्वेमार्ग उद्ध्वस्त करण्याच्या योजनेमागे तेच होते. १९६४ ते १९७१ या काळात ते ब्रिटिश सरकारचे प्रमुख वैज्ञानिक सल्लागार होते. अण्वस्त्रस्पर्धा हा सहजप्रवृत्तीचा अटळ परिपाक न समजता धोरणांचा परिणाम समजून त्यांनी तिला विरोध केला. १९९३ मध्ये त्यांचे निधन झाले.

टंचाई, गर्दी आणि बंद दरवाजे यांतून उपजलेल्या कलहाला स्वभाव म्हटले, की व्यवस्था बदलण्याची जबाबदारी कोणावरच उरत नाही. बबूनांना आपली टेकडी बदलता येत नव्हती. मनुष्याला ती बदलता येते, आणि त्याच्या समाजाचे वेगळेपण याच सामर्थ्यात आहे.