काळवंडलेल्या काचेचे कोडे

पिवळ्या उजेडाचा बल्ब आता बहुतेक घरांतून गेला. त्याची जागा एलईडीने घेतली. पण त्या उजेडात ज्यांनी अभ्यास केला, त्यांना जुना बल्ब आतून काळा पडलेला आठवत असेल. तो काळेपणा म्हणजे तारेतून उडालेले टंगस्टन. त्याच्या मागे लागलेला एक माणूस थेट नोबेलपर्यंत पोहोचला. त्याचे नाव आयर्व्हिंग लँगम्यूर.

लँगम्यूर यांचा जन्म १८८१ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये झाला. जर्मनीतील गटिंगेन येथे १९०६ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. परतल्यावर प्राध्यापकी पत्करली, पण संशोधनाला वेळ मिळेना. १९०९ च्या उन्हाळी सुटीत ते स्केनेक्टडीला जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत गेले आणि तिथलेच झाले.

बल्बमधली हवा जितकी जास्त काढावी तितका तो टिकेल, असा तेव्हाचा समज. लँगम्यूर यांनी उलटेच केले. निरनिराळे वायू मुद्दाम आत सोडून प्रत्येकाचा परिणाम ते पाहू लागले. दिवस उलटले, कंपनीच्या हाती काही पडेना. त्यांनाच संकोच वाटू लागला. प्रयोगशाळेचे प्रमुख विलिस व्हिटनी यांनी मात्र त्यांना काम चालू ठेवायला सांगितले.

या धीराचे फळ मिळाले. पाण्याची किंचितशी वाफही टंगस्टनला हळूहळू काचेवर वाहून नेते, हे कळले. नायट्रोजन किंवा आर्गॉन मात्र तप्त तारेशी संबंधच ठेवत नाहीत. उलट उडू पाहणाऱ्या अणूंची वाट अडवून त्यांना परत तारेकडे ढकलतात. वायूमुळे तारेची उष्णता वाया जाऊ नये म्हणून त्यांनी तारेला वेटोळे दिले. १९१३ मध्ये वायूभरला बल्ब तयार झाला.

याच अभ्यासातून ते प्लॅटिनमकडे वळले. त्यावर कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन यांचा संयोग होतो. पण कार्बन मोनॉक्साइड वाढला की वेग मंदावतो. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा अडवावी, तसा तो धातूचा पृष्ठभाग व्यापतो आणि ऑक्सिजनला बसायला जागाच उरत नाही. आर्गॉन जागा धरत नाही. दोन्ही वायूंचा स्वतःचा दाब कायम ठेवून तो मिसळला, तर वेगात सहसा फारसा फरक पडत नाही.

पृष्ठभागाच्या या रसायनशास्त्राबद्दल लँगम्यूर यांना १९३२ चे नोबेल मिळाले. १९५७ मध्ये ते गेले. मोटारीच्या धुरातले विष कमी करणारे उत्प्रेरक आजही त्याच नियमाने चालतात. गाडी थंड असताना कार्बन मोनॉक्साइड धातूवर ठाण मांडतो. धातू तापला की उठतो आणि मग काम सुरू होते.

बल्ब गेला, पण त्याने शिकवलेले राहिले. व्हिटनी यांनी तेव्हा हिशेब मागितला असता, तर?